‘तस्कर’ शब्दाच्या अर्थकक्षेबाहेर
संस्कृतातील ‘तस्कर’ म्हणजे चोर. सीमाशुल्क चुकवून माल आणणारा, हा अर्थ त्यास पुढे प्राप्त झाला. माल येऊ देणारा मात्र त्या अर्थाबाहेरच राहिला. सोन्यावरील निर्बंधांच्या काळात दुबई आणि कोकणकिनारा यांना जोडणारे चोरट्या आयातीचे जाळे रुळले. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, जाळे उरले. १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या दिघी व शेखाडी येथे शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले ते त्याच जाळ्यातून. १२ मार्च रोजी मुंबईत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. दहशतवादाचा इतिहास विचारसरणीपासून आरंभणारे अभ्यासक हप्त्यांची ही बाजू सहसा ओलांडून जातात. पुढे न्यायालयाने दोषी ठरविलेल्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारी आणि पोलीसही होते.