काँक्रीटातील लोखंड

देवळाच्या जीर्णोद्धाराची बोलणी निघाली की सभामंडपावर स्लॅब घालावयाची की नाही, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. ज्या पदार्थाच्या भरवशावर हा निर्णय होतो, त्याचा इतिहास मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही.

तो इतिहासही एका देवालयापासूनच सांगता येतो. रोमचे पँथिऑन, म्हणजे सर्व देवांचे मंदिर, सम्राट हेड्रियनच्या काळी, इ. स. 126 च्या सुमारास, उभे राहिले. चुना, ज्वालामुखीची राख व खडी यांनी बनलेला त्याचा घुमट सुमारे 43 मीटर व्यासाचा असून त्यात लोखंडाची एक सळईही नाही. जसजसे वर जावे तसतशी खडी हलकी होत जाते; माथ्याशी तर पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र दगड घातला आहे. आपले ओझे आपणच कमी करणारी ही योजना आम्हांस विशेष कौतुकाची वाटते.

पुढे ही विद्या मागे पडली. 1824 साली लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. परंतु काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण लोखंडावर सोपविण्याची कल्पना रूढ होण्यास पॅरिसचा एक माळी, जोसेफ मोनिए, बराच कारण झाला. 1867 चे त्याचे पेटंट होते चक्क झाडांच्या कुंड्यांचे!

या लोखंडानेच काँक्रीटला बळ दिले, आणि आयुष्याची मर्यादाही घातली. सिमेंटच्या क्षारधर्मामुळे सळई एरवी सुरक्षित राहते. पण खाऱ्या हवेतील मीठ आत झिरपले की ती गंजते. गंज लोखंडाहून अधिक जागा व्यापतो व काँक्रीट आतून फुटते. पणजीचा मांडवीवरील पूल वीस वर्षांचाही न होता 1986 च्या जुलैत कोसळला, तो आतील ताणलेल्या तारा गंजल्यामुळे.

अयोध्येच्या राममंदिराचा पाया घालताना हा धोकाच टाळला गेला. तेथील भुसभुशीत माती काढून सुमारे 14 मीटर जाडीचे काँक्रीट थराथराने रोलरखाली दाबून बसविले. त्यात लोखंड नाही. 2024 मध्ये तेथे प्राणप्रतिष्ठा झाली.

आमच्या गावच्या मंडपास मात्र खांबांत मोकळे अंतर हवे असते, आणि तेथे सळईवाचून चालत नाही. तेव्हा समुद्राकाठच्या देवस्थानांनी खाडीची खारी वाळू घेऊ नये, आणि सळईवर काँक्रीटचे कवच किती जाड राहणार, हे ओतकामापूर्वी स्वतः उभे राहून मोजून घ्यावे.