सुवर्णपदक, श्यामची आई आणि दोन बिघे जमीन

२०२५ च्या ऑगस्टमध्ये एकाहत्तरावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ची निवड झाली. याच नावाच्या, याच पुस्तकावर बेतलेल्या आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाने १९५३ सालच्या चित्रपटांतून राष्ट्रपतींचे पहिलेवहिले सुवर्णपदक मिळवले होते. मराठीला तो मान पुन्हा मिळण्यासाठी ‘श्वास’पर्यंत, म्हणजे २००३ सालच्या पुरस्कारांपर्यंत, तब्बल पन्नास वर्षे थांबावे लागले. त्यामुळे त्या पहिल्या पदकाचा अभिमान मराठी मनात आजही ताजा आहे. त्याचबरोबर चित्रपटरसिकांमधला एक जुना वादही अधूनमधून डोके वर काढतो: त्या वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ समोर असताना सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला देणे योग्य होते काय?

हा वाद बहुधा मुंबई-पुण्याच्या किंवा कलकत्त्याच्या दृष्टीने घातला जातो. प्रस्तुत लेखात तो महाड-पोलादपूरच्या बाजूने पाहण्याचा विचार आहे. श्यामचे पालगड दापोली तालुक्यात आहे. पोलादपूरहून कशेडी घाट उतरला की खेड आणि त्यापलीकडे दापोली. मुलूख एकच, भातशेती तीच आणि मुख्य म्हणजे जमिनीची जुनी व्यवस्थाही तीच. या मुलखाचा इतिहास हाताशी असला, तर हे दोन चित्रपट वाटतात तितके एकमेकांपासून दूर नाहीत असे दिसू लागते.

प्रथम नोंदी तपासू. या पुरस्कारांना आरंभी ‘राज्य पुरस्कार’ म्हणत. त्यांच्यामागे स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीच्या १९५१ च्या अहवालाची पार्श्वभूमी होती. (पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच पाटलांवर अत्र्यांनी आपल्या लेखणीचे आणि वाणीचे सगळे दारूगोळे रिकामे केले, हा इतिहासाचा एक गमतीदार योग.) १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या पहिल्या समारंभात ‘श्यामची आई’ला सुवर्णपदक मिळाले. ‘दो बिघा जमीन’ आणि देवकी बोस यांचा ‘भगवान श्रीकृष्ण चैतन्य’ या दोघांची गुणवत्ता प्रमाणपत्रावर बोळवण झाली. उच्च कलात्मक व तांत्रिक दर्जा आणि शैक्षणिक व सांस्कृतिक मूल्य असलेल्या चित्रपटांना उत्तेजन देणे, हा पुरस्कारांचा हेतू होता. यातील दुसरा निकष लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे त्याचे काम पडेल.

‘दो बिघा जमीन’चा कैवार घेणाऱ्यांची बाजू बळकट आहे. १९५२ च्या आरंभी मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ दाखवला गेला. त्याचा ठसा बिमल रॉय यांच्यावर उमटला आणि वर्षभरात ‘दो बिघा’ पडद्यावर आला. जमीनदाराला गिरणीसाठी शंभू महातोची दोन बिघे जमीन हवी आहे. शंभूच्या हिशेबाने पासष्ट रुपयांचे असलेले कर्ज जमीनदाराच्या खोट्या कागदांत दोनशे पस्तीस होते. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देते. शंभू मुलासह कलकत्त्याला जातो, माणसाने ओढायची रिक्षा ओढतो आणि सारे करूनही जमीन जाते. शेवटी स्वतःच्याच शेतातली मूठभर मातीदेखील त्याला नेऊ दिली जात नाही. बलराज साहनींचा शंभू आजही जुना वाटत नाही. चित्रपटाला कान महोत्सवात १९५४ चे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले; त्याच वर्षी सुरू झालेल्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शक हे दोन्ही मान त्याच्याकडे गेले. एवढे असताना दिल्लीचे सुवर्णपदक मात्र दुसरीकडे गेले, याचे आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे.

‘श्यामची आई’वरचे आक्षेपही ठरलेले आहेत. चित्रपट प्रसंगांच्या माळेसारखा आहे, अत्र्यांची रचना नाटकाच्या वळणाची आहे आणि तो प्रेक्षकाला रडवण्यासाठीच रडवतो, असे म्हटले जाते. यात तथ्य नाही असे नाही. तथापि वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम यांच्या अभिनयातला साधेपणा, वसंत देसाई यांचे संयमी संगीत, आशा भोसले यांच्या आवाजातले द्रौपदीच्या चिंधीचे गाणे, या गोष्टी आक्षेपांनी पुसल्या जात नाहीत. शिवाय या आक्षेपांमागे एक कालविपर्यास दडलेला असतो. १९५५ च्या चित्रपटांतून ‘पथेर पांचाली’ला सुवर्णपदक मिळाले आणि सुवर्णपदकाचा चित्रपट कसा असावा याची आपली कल्पनाच त्यानंतर बदलली. आपण १९५३ कडे पाहतो ते सत्यजित राय यांच्या खांद्यावरून. १९५४ मध्ये निर्णय घेणाऱ्यांना ती सोय नव्हती.

‘पथेर पांचाली’ची आठवण आणखी एका कारणाने येते. तिथेही खेड्यातले दरिद्री ब्राह्मण घर आहे, कर्ज आहे, सोसणारी आई आहे, घरातला मृत्यू आहे. परंतु राय यांची सर्वजया म्हाताऱ्या इंदिर ठाकरूनशी कठोरपणे वागते, शेजारणींपुढे लाजते, चिडते. दारिद्र्य तिच्या स्वभावाला कुठे कुठे कुरतडून जाते, हे राय दाखवतात. श्यामच्या आईला दारिद्र्याचा असा एकही डाग लागत नाही. माझ्या मते ‘श्यामची आई’ची खरी कलात्मक मर्यादा अश्रूंपेक्षा या निष्कलंकतेत आहे. अर्थात तिलाही कारण आहे: साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिले, ते गेलेल्या आईचे ऋण फेडण्यासाठी. ऋण फेडणारा माणूस उणेदुणे काढत बसत नाही.

आता महाड-पोलादपूरकडे वळू. रत्नागिरी जिल्हा आणि जुन्या कुलाबा जिल्ह्याचा दक्षिण भाग हा खोतीचा मुलूख. खोत हा मुळात सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारा. पिढ्या गेल्या तसा तो गावाचा मालक होऊन बसला. कुळाने भात पिकवावे, त्यातला मोठा हिस्सा, पुष्कळदा निम्मा, खोताच्या घरी घालावा आणि वर वेठीला जावे, अशी ही रीत होती. उरलेल्या भातावर वर्ष निघत नसे. मग घरातला कर्ता पुरुष सावित्रीच्या खाडीतून बोटीने मुंबई गाठी, गावकीच्या खोलीत दहा-वीस जणांबरोबर वळकटी टाकी आणि गिरणीत लागे. शंभूचे कलकत्ता आणि पोलादपूरच्या चाकरमान्याची मुंबई यांत फरक इतकाच की चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला गावी येई. ‘दो बिघा’ची कथा बंगालची असली, तरी ती या खोऱ्यातल्या कुणालाही समजावून सांगावी लागली नसती.

आणि श्यामचे घर? ते खोताचे घर होते. वैभव ओसरलेले, भाऊबंदकीने पोखरलेले, सावकाराच्या हाती गेलेले, पण खोताचे. कर्ज फिटत नाही, व्याज वाढते, सावकाराचा माणूस दारात येऊन अपमान करतो, शेवटी जप्ती येते. शंभूच्या आणि श्यामच्या घराची कथा इथे एकाच रुळावर चालते: कर्ज, कागद, कोर्ट आणि हातातून सुटणारी जमीन. अश्रू विरुद्ध वास्तव असा जो वाद घातला जातो, त्यात हे साम्य हरवून जाते.

मात्र साम्याबरोबरच एक मोठा फरक आहे आणि तो महाडकडून पाहिल्यावरच नीट दिसतो. श्यामच्या घरातले भात पिकवले कोणी? ‘श्यामची आई’त खोताच्या घराचे पडणे आहे, त्या घराला ज्यांनी वर्षानुवर्षे हिस्सा दिला ती कुळे कथेच्या कडेला आहेत. पुस्तकात कांडप करणारी मथुरी येते, मोळी पडलेली म्हातारी महारीण येते. दोघींविषयी आईच्या मनात माया आहे. पण त्या येतात त्या आईचे मोठेपण दाखवण्यासाठी. त्यांच्या घरात कॅमेरा जात नाही, कारण लेखकही गेलेला नाही.

ही गोष्ट १९५३ साली दूरच्या भूतकाळाची नव्हती. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ रोजी. अलिबागकडे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. खोती निर्मूलनाचा कायदा झाला १९४९ चा आणि कूळकायद्यातला कृषकदिन उजाडला १ एप्रिल १९५७ रोजी. ‘श्यामची आई’ पडद्यावर आला तो बरोबर या दोन टप्प्यांच्या मध्ये, खोत जात होता आणि कूळ अजून मालक झाले नव्हते तेव्हा. जाणाऱ्या खोताच्या घरातली सात्त्विकता राष्ट्राने सुवर्णपदक देऊन जपली. ज्याला जमीन मिळायची होती त्याची कथा प्रमाणपत्रावर थांबली.

पुस्तकातला मोळीचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. म्हातारीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते आणि परत आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. त्या काळात एवढे करणेसुद्धा धाडसाचे होते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या स्पर्शानंतर पंचगव्याच्या घागरी ओतून ‘शुद्ध’ करण्यात आले, हेही त्याच शेजारी ठेवून पाहावे. करुणा आणि विटाळ एकाच घरात सुखाने नांदत होते. श्याम दापोलीच्या शाळेत शिकत होता, साधारण त्याच सुमारास महाडजवळच्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे इंग्रजी शाळेत जाण्यासाठी झगडत होते. शिष्यवृत्ती मिळवलेल्या या मुलाला महाडच्या शाळेने अस्पृश्य म्हणून नाकारले. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिल्यावर प्रवेश मिळाला, पण बसायचे वर्गाबाहेर. पुढे महाडच्या परिषदेच्या उभारणीत याच मोऱ्यांचा वाटा मोठा होता. साने गुरुजी १८९९ चे, मोरे १९०३ चे. एका कोकणात, एका पिढीत दोन मुलांच्या आयांनी मुलांना शिकवण्यासाठी हाडे झिजवली. त्यातल्या एकीला सारा महाराष्ट्र ‘आई’ म्हणून ओळखतो.

यावरून गुरुजींना दोष देणे अन्यायाचे होईल. त्या आंघोळीपाशी ते थांबले नाहीत. खानदेशात त्यांनी शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. आईने शिकवलेले प्रेम त्यांनी आईने आखलेल्या रेषेपलीकडे नेले. अत्रेही थांबले नाहीत. सुवर्णपदकाच्या पाठोपाठ त्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला आणि १९५४ च्या चित्रपटांतून मराठीसाठीचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळवले. शेतकरी, अस्पृश्य आणि स्त्रिया ज्या कथेच्या मध्यभागी आहेत, तो चित्रपट आज किती जणांनी पाहिला आहे? सोन्याची आठवण राहिली, चांदीची राहिली नाही.

तर मग पदक योग्य होते काय? पुरस्काराचे जाहीर हेतू मोजपट्टी मानले, तर होते. शैक्षणिक आणि सांस्कृतिक मूल्याची अट घालून तुम्ही चित्रपट निवडायला बसलात, तर स्वातंत्र्यानंतरच्या त्या आरंभीच्या वर्षांत ‘श्यामची आई’ निवडणे अगदी सुसंगत होते. चित्रपटकलेच्या दृष्टीने मात्र ‘दो बिघा जमीन’ उजवा होता, असे मला वाटते. त्याची चौकट अधिक मोकळी आहे आणि त्याचा शेवट प्रेक्षकाला समाधान देत नाही. पण निकालाहून महत्त्वाचा आहे तो निकष. सोसणाऱ्या सत्शील घराची गरिबी राष्ट्राला संस्कार वाटली. त्याच राष्ट्राला कुळाची गरिबी हा गाऱ्हाण्याचा विषय वाटला. पहिलीला आपण शाळाशाळांतून डोळे पुसत पाहिले. दुसरीबद्दल कायदे केले आणि ती विसरलो.

नव्या ‘श्यामची आई’ला मिळालेल्या पुरस्काराचा आनंद मानायला हरकत नाही. तिच्या निमित्ताने कुणी पालगडची वाट धरली, तर वाटेत महाडला थोडे थांबावे, चवदार तळ्यावर जावे. मथुरीची आणि त्या मोळीवालीची गोष्ट त्यांच्याच घरातून सांगणारा चित्रपट आपल्याकडे अजून व्हायचा आहे. तो होईल तेव्हा त्याला कोणते पदक मिळते, यावर वाद घालायला मला फार आवडेल.