‘पेनेट्रेलिया’ : एका शब्दाचे कुळ

इंग्रजी ग्रंथांत ‘पेनेट्रेलिया’ हा शब्द क्वचितच आढळतो. देवालयाचा किंवा वाड्याचा अगदी आतला, परक्यास सहसा प्रवेश नसलेला भाग, असा त्याचा अर्थ होय. सतराव्या शतकात इंग्रजीने तो लॅटिनातून अनेकवचनी रूपातच उचलला. मराठीत त्यास ‘गर्भगृह’ म्हणावे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु दोन्ही शब्दांचे कुळ निराळे आहे.

अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवालय पाहावे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. मंडपातून पायऱ्या उतरल्यावाचून तेथे गाभारा लागत नाही. भूमीच्या पोटात उतरणाऱ्या त्या भक्तास ‘गर्भ’ शब्दाचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही.

लॅटिन शब्दाचे मूळ मात्र कोठीत आहे. ‘पेनुस’ म्हणजे घरातील अन्नाचा साठा. त्याच कुळातील ‘पेनितुस’ म्हणजे अगदी आत, आणि ‘पेनातेस’ म्हणजे त्या साठ्याचे रक्षण करणारे कुलदेव. जेथे धान्य तेथे देव, ही कल्पना आम्हांस परकी नाही. सासरी येताना अन्नपूर्णेची मूर्ती आणणारी आमची नववधू तीच जाणते.

यातून एक भेद निघतो. गर्भगृह जागचे हलत नाही, पेनातेस हलतात. व्हर्जिलच्या महाकाव्यात ट्रॉय नगर जळत असता, आपले हात रक्ताने माखलेले म्हणून, ईनियस हे देव वृद्ध पित्याच्या हाती देतो व पित्यास खांद्यावर घेऊन निघतो.

अंबरनाथच्या शेजारीच याचे उदाहरण आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणनजीकच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांची घरे, शेते, कोठारे सारी मागे राहिली. झुलेलालाची उपासना तेवढी बरोबर आली आणि बराकीतच तिला स्थान मिळाले.

म्हणून आमचे मत असे की, अंबरनाथच्या गाभाऱ्यास ‘गर्भगृह’च म्हणावे, रोमन घरातील ‘पेनेट्रेलिया’स मात्र ‘देवघर’ हा शब्द अधिक शोभेल. मनुष्य देशोधडीस लागला तरी देवघर त्यास पुन्हा मांडता येते.