दुधाचे दात, अफू आणि पारा

१६३२ साली लंडनमध्ये झालेल्या मृत्यूंची जी वार्षिक यादी छापली गेली, तीत एक नोंद आहे : 'दात – ४७०'. त्या वर्षी शहरात एकूण सुमारे साडेनऊ हजार माणसे दगावली. त्यांपैकी ४७० जणांच्या मृत्यूचे कारण म्हणून केवळ दात नोंदवले गेले. ही सारी तान्ही मुले होती.

ही समजूत पुढे दोनशे वर्षे टिकली. १८३९ साली इंग्लंड व वेल्समध्ये ५,०१६ मृत्यू दात येण्यामुळे झाल्याची सरकारी नोंद आहे. प्रत्यक्षात दात येण्याने कोणतेही मूल मरत नाही. परंतु पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि वीस दात पूर्ण होईपर्यंत मूल अडीच-तीन वर्षांचे होते. त्याच काळात अंगावरचे दूध कमी होऊन वरचे अन्न, नासके दूध आणि दूषित पाणी पोटात जाऊ लागते, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही ओसरते. जुलाब, ताप आणि आकडी यांनी मुले जात, त्या वेळी त्यांच्या हिरड्या सुजलेल्या दिसत. डोळ्यांना दिसणारी खूण तेवढीच होती. दोष तिच्या माथी गेला.

एकदा दात हा रोग ठरला की त्यावर इलाज आलाच. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे याने ड्यूक ऑफ नेव्हरच्या आठ महिन्यांच्या मृत बालकाच्या हिरड्या चिरून पाहिल्या. आत दात तयार होते. वेळीच चिरल्या असत्या तर मूल वाचले असते, असा निष्कर्ष त्याने काढला आणि बाळांच्या हिरड्या चिरण्याची प्रथा युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. निर्जंतुकीकरण ठाऊक नसलेल्या काळात एकच शस्त्र अनेक तोंडांत फिरत असे, हे वेगळे सांगायला नको.

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तही दात येणे हे बालकाच्या सर्व रोगांचे कारण मानले आहे. हिरड्यांवर मधातून चूर्ण चोळण्याचा उपायही तेथे आहे. मात्र त्यालाच जोडून वाग्भट बजावतो की, दात येतानाच्या विकारांसाठी बाळाला फार जाचू नये. दात आले की ते आपोआप शमतात. निदान चुकीचे असूनही सल्ला शहाणा निघाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात मात्र प्रश्न रात्रीचा झाला. बारा-चौदा तास राबून आलेल्या घरात एकच खोली, त्यात रडणारे मूल आणि पहाटे पुन्हा काम. झोप ही चैन नव्हती, तिच्यावर रोजगार अवलंबून होता. ही गरज अमेरिकेतील मेन राज्यातल्या बॅंगॉर गावी दोघा व्यावसायिकांनी अचूक ओळखली. जेरेमाया कर्टिस आणि बेंजामिन पर्किन्स यांनी १८४९ च्या सुमारास 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' बाजारात आणले. मिसेस विन्स्लो म्हणजे कर्टिसच्या सासूबाई. जाहिरातींत गोंडस बाळे आणि प्रसन्न आया दिसत. दात येताना एक चमचा द्यावा, बाळ शांत झोपते, असा दावा असे.

तो दावा खोटा नव्हता, हीच त्यातली भीषण गोष्ट. सिरपमध्ये मॉर्फिन होते. एका औंसात सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजे एका चमच्यात आज प्रौढ रुग्णाला तोंडावाटे देतात तितकी मात्रा. मॉर्फिनने श्वास मंदावतो, भूक मरते, आतड्यांची हालचाल थांबते. त्यामुळे जुलाबही बरे झाल्यासारखे भासत. काही मुले उठलीच नाहीत; काही दूध मागण्याइतकीही जागी न राहता खंगत गेली. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र बहुधा दुसरेच काही लिहिले जाई.

१८६८ साली कर्टिसने न्यायालयात सांगितले की, वर्षाला पंधरा लाखांहून अधिक बाटल्या खपतात. नाव इतके घरोघरी पोचले होते की तरुण एडवर्ड एल्गारने १८७८ साली पाच सुषिर वाद्यांसाठी रचलेल्या एका संथ तुकड्याला गमतीने तेच नाव दिले. १९०६ च्या अमेरिकन कायद्याने बाटलीवर मॉर्फिनचा उल्लेख बंधनकारक केला. १९११ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या सिरपची गणना बालघातक औषधांत केली.

मुंबईच्या गिरणगावात हेच काम बाळगोळी करीत होती. तेथे निमित्त दातांचे नसून पाळ्यांचे होते. आई कामावर असेतो मूल निजून राहावे म्हणून अफूची गोळी दिली जाई. १९२० च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी केलेल्या पाहणीत कामगार स्त्रियांच्या शंभरांतील ९८ मुलांना अफू दिली जात असल्याचे आढळले. आयांना दोष देणे सोपे होते. पाळणाघर बांधणे खर्चाचे होते.

अफू बदनाम झाली, तरी दातांच्या पुड्या राहिल्या. ब्रिटनमधील प्रसिद्ध 'स्टीडमन्स'सह अनेक पुड्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे क्षार असत. दरम्यान एक विचित्र बालरोग दिसू लागला होता. १९१४ साली ॲडलेडचे डॉ. हॅरी स्विफ्ट यांनी त्याचे वर्णन केले. हातपाय गुलाबी होऊन सोलत, उजेड सोसवत नसे, मूल अखंड किरकिरे आणि रात्र रात्र जागे. काहींचे तर दातच गळून पडत. त्याला 'पिंक डिसीज' म्हणू लागले. कोणी जंतूंना जबाबदार धरले, कोणी जीवनसत्त्वांच्या अभावाला. पुडी घेणाऱ्या फार थोड्या मुलांना तो होई, म्हणून पुडीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. शिवाय मूल झोपत नाही आणि हिरड्या लाल आहेत असे दिसताच आई काय करी? आणखी एक पुडी देई.

१९४५ साली सिनसिनाटी येथे जोसेफ वारकानी आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड हबर्ड यांना अशाच एका मुलाच्या लघवीत पारा सापडला. १९३९ ते १९४८ या दहा वर्षांत एकट्या इंग्लंड-वेल्समध्ये या रोगाने ५८५ मुले दगावली होती. १९५४ साली ब्रिटिश उत्पादकांनी पुड्यांतून कॅलोमेल काढून टाकले आणि काही वर्षांतच हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

मग दातांमुळे झोप मोडते का? २००० साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. क्लीव्हलंडच्या अभ्यासात ४७५ दातांची नोंद झाली. दात बाहेर पडण्याच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस लाळ, चावण्याची ओढ, किरकिर आणि जागरण थोडे वाढते, असे त्यात दिसले. मोठा ताप मात्र दिसला नाही. मेलबर्नच्या छोट्या अभ्यासात तेवढाही ठोस संबंध आढळला नाही. म्हणजे त्रास असलाच तर एका दातामागे आठ दिवसांचा.

तरीही २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला दोन वर्षांखालील मुलांच्या हिरड्यांना लावायची बेन्झोकेनची मलमे विकणे थांबवा, असे उत्पादकांना सांगावे लागले. त्या मलमाने क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच घटते.