तेरा अँपियरचा प्लग आणि रात्रभराची गाडी

इंग्लंडातला तीन चपट्या पिनांचा प्लग १९४७ सालचा. महायुद्धानंतर लाखो घरं बांधायची होती. त्यासाठी नेमलेल्या समितीत कॅरोलाइन हॅस्लेट ही एकटीच बाई. अर्थिंगची पिन लांब, ती आत गेल्याशिवाय बाकीच्या भोकांवरची झडप उघडत नाही. पोरांची बोटं वाचली. शिवाय प्लगमध्येच फ्यूज. आपल्याकडे मात्र त्याआधीच्या ब्रिटिश गोल पिनाच राहिल्या. असो!

हिशोब होता किटली-हीटरचा. विजेची गाडी रात्रभर वीज ओढते. १० अँपियर, आठ-आठ तास! जोड ढिला असेल तर सॉकेट वितळतं आणि फ्यूजला पत्ताच नसतो, कारण करंट मर्यादेतच असतो. शेजाऱ्याने खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडला होता. प्लगला हात लावला तर चटका बसला. आता त्याने ३२ अँपियरची स्वतंत्र लाइन टाकून घेतली आहे.