मॅक्रो फाइल कशी सांभाळावी? सेव्ह करणे, बॅकअप, मराठी मजकूर आणि सुरक्षितता

समजा, माहुलच्या रिफायनरी पट्ट्यात एका टँकर वाहतूकदाराचे छोटे ऑफिस आहे. फेऱ्यांचा हिशेब एक्सेलमध्ये होतो आणि महिन्याची बिले एका बटणावर तयार होतात. त्या बटणामागे मॅक्रो असतो. तो लिहिणारा कर्मचारी नोकरी सोडून गेला आणि नंतर कोणी फाइल चुकीच्या प्रकारात सेव्ह केली, तर सगळी बिले पुन्हा हाताने करावी लागतात. थोडी शिस्त पाळली तर ही वेळ टळते.

मॅक्रो म्हणजे काय?
पुन्हा पुन्हा करावी लागणारी कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे मॅक्रो. एक्सेलमधले मॅक्रो व्हीबीए या भाषेत असतात. ही भाषा १९९३ मध्ये एक्सेल ५ सोबत आली. कोड पाहण्यासाठी विंडोजवर ऑल्ट आणि एफ११ एकत्र दाबावे.

कोणत्या प्रकारात सेव्ह करावे?
एक्सेल २००७ पासून साधी फाइल ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारची असते. तिच्यात मॅक्रो राहत नाही. मॅक्रो असलेली फाइल ‘एक्सएलएसएम’ म्हणूनच सेव्ह करावी. चूक होत असल्यास एक्सेल सूचना दाखवते. ती न वाचता ‘येस’ दाबून फाइल बंद केली, की त्या प्रतीत कोड उरत नाही.

सगळ्या फाइलींसाठी लागणारे मॅक्रो ‘पर्सनल’ नावाच्या लपलेल्या वर्कबुकमध्ये ठेवता येतात. पण ते त्याच संगणकावर राहते. संगणक बदलताना त्याची प्रत वेगळी घ्यावी लागते.

कोडचा बॅकअप
एक्सएलएसएम फाइल आतून झिप असते आणि कोड बायनरी स्वरूपात असतो. त्यामुळे गिटमध्ये ठेवली तरी कोणती ओळ बदलली हे दिसत नाही. उपाय सोपा आहे. मॉड्यूलवर राइट क्लिक करून ‘एक्सपोर्ट फाइल’ निवडावे. कोड ‘बीएएस’ या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मिळतो. फॉर्म एक्सपोर्ट केल्यास ‘एफआरएम’ आणि ‘एफआरएक्स’ या दोन्ही फाइली एकत्र जपाव्यात. प्रत्येक मॅक्रोच्या वर तो काय करतो आणि शेवटचा बदल कधी झाला, हे टीप म्हणून लिहावे.

मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे का होतात?
व्हीबीए एडिटर युनिकोड पूर्णपणे हाताळत नाही. त्यामुळे कोडमध्ये थेट देवनागरी लिहिल्यास बहुतेक संगणकांवर प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून मराठी मजकूर वेगळ्या शीटवरच्या सेलमध्ये ठेवून मॅक्रोने तिथून वाचावा. एखादेच अक्षर हवे असल्यास ‘सीएचआरडब्ल्यू’ फंक्शन चालते. त्यात २३२५ हा आकडा दिला की ‘क’ मिळतो.

अनोळखी फाइलपासून सावध
१९९५ मध्ये ‘कॉन्सेप्ट’ आणि १९९९ मध्ये ‘मेलिसा’ हे व्हायरस वर्डच्या मॅक्रोमधूनच पसरले. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली. फाइल कोणी आणि का पाठवली, याची फोनवर खात्री झाल्यावरच ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावे. सगळेच मॅक्रो चालू करणारी सेटिंग मात्र कधीही निवडू नये.

थोडक्यात, फाइल एक्सएलएसएममध्ये, कोडची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये आणि त्याची माहिती ऑफिसातल्या किमान दोघांना असावी.