मानवी हक्कांची सार्वत्रिकता आणि वासेट्ठ सुत्ताची साक्ष

मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची निर्मिती असून आशियाई समाजांना ती जशीच्या तशी लागू पडत नाही, असे मत जागतिक राजकारणात वारंवार मांडले गेले आहे. १९९३ साली बँकॉक येथे आशियाई राष्ट्रांनी काढलेल्या जाहीरनाम्यात हक्कांचे सार्वत्रिक स्वरूप मान्य केले होते. परंतु प्रादेशिक वैशिष्ट्ये आणि ऐतिहासिक, सांस्कृतिक व धार्मिक पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी, असेही त्यात म्हटले होते. सिंगापूरचे ली कुआन यू व मलेशियाचे महाथीर मोहम्मद हे या 'आशियाई मूल्यां'चे प्रमुख प्रवक्ते होत. या मताचे परीक्षण इतिहास व पालि वाङ्मय यांच्या आधारे करण्याचा आमचा हेतू आहे.

या मतात तथ्यांश नाही असे नव्हे. १० डिसेंबर १९४८ रोजी जागतिक जाहीरनामा संमत झाला, तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाची सदस्यसंख्या अवघी ५८ होती व आफ्रिकेचा बहुतांश भाग पारतंत्र्यात होता. तथापि अनुकूल ४८ मतांत भारत, चीन, सयाम व ब्रह्मदेश यांचीही मते होती. पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक ठरू शकणारा शब्द जाऊन 'सर्व मानव' हा शब्द आला, तो भारताच्या हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे.

आता पालि साक्षीकडे वळू. आधुनिक अर्थाने 'हक्क' या कल्पनेस तंतोतंत जुळणारा शब्द तिपिटकात दाखविणे कठीण आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु सिगालोवाद सुत्तात वेतन, आजारपणातील शुश्रूषा व वेळोवेळी विश्रांती ही मालकाची सेवकाप्रती कर्तव्ये सांगितली आहेत. एकाचे कर्तव्य तेच दुसऱ्याचे न्याय्य मागणे नव्हे काय? सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त तर याहून मूलगामी आहे. तृण, कीटक, मत्स्य, पक्षी यांच्यात जातिभेदाची शारीरिक चिन्हे आढळतात. मनुष्यांत ती नाहीत, त्यांच्यातील भेद केवळ व्यवहारातील नामाभिधानांचे आहेत, असे तथागत तेथे दोन ब्राह्मण तरुणांना समजावितात. सार्वत्रिकतेचा हा पाया आशियाच्याच भूमीत घातला गेला.

मग 'आमची संस्कृती निराळी' असे म्हणतो कोण? त्याच बँकॉकमध्ये, त्याच वर्षी, आशियातील स्वयंसेवी संघटनांनी स्वतंत्र जाहीरनामा काढून संस्कृतीच्या नावाखाली होणारा हक्कांचा संकोच नाकारला. राज्यकर्त्यांचा आशिया व पीडितांचा आशिया एकच बोलत नव्हता.

येथे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. जेथे सुत्तनिपातातीलच मेत्तसुत्त नित्य म्हटले जाते, त्या ब्रह्मदेशातून २०१७ साली ७ लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळून जावे लागले. शासनाने त्यांचे 'रोहिंग्या' हे नावही नाकारले होते आणि काही भिक्षूंनी त्यांच्याविरुद्ध प्रचार केला होता. यास्तव वासेट्ठ सुत्ताचा दाखला इतरांपुढे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या धम्मबांधवांकडून ज्याचा छळ होतो, त्याच्या बाजूने आपण बोलतो की नाही, यावरच सार्वत्रिकतेवरील आपली श्रद्धा पारखली जाईल.